फोटोवरून हिरा निवडू नका, नाकारा: ऑनलाइन खरेदीची क्रमवार तपासणी

ऑनलाइन हिरा घेणारे बहुतेक जण आधी फोटो बघतात. स्क्रीनवरच्या पंधरा-वीस हिऱ्यांतला सगळ्यांत लखलखणारा हेरतात, मग त्याचा लॅबचा रिपोर्ट उघडतात, आणि रिपोर्टात काही खटकलं तरी ‘पण दिसतोय किती छान’ म्हणत पुढे जातात. पार्सल आलं की तक्रार ठरलेली: फोटोत वेगळा होता. दर वेळी विक्रेत्याने फसवलेलं असतंच असं नाही. समोर जे असेल ते हिरा परत फेकतो. दिवा, पांढरी भिंत, कॅमेऱ्याची काळी लेन्स, फोटो काढणाऱ्याच्या शर्टाचा रंग, सगळं त्यात उतरतं. दिवा हलवला की तोच हिरा दुसराच वाटतो.

म्हणून एक गोष्ट पक्की धरून चला. फोटो आणि व्हिडिओ हिरा नाकारायला फार उपयोगी पडतात, पसंत करायला फारसे नाही. टेबलाच्या, म्हणजे हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूच्या, मधोमध कलल्यावरही टिकणारा काळा डाग दिसला, तर तो आहे. दिसला नाही, तर तो नाहीच असं म्हणता येत नाही. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. आधीचं उत्तर हातात नसेल तर पुढचा टप्पा चुकीचं उत्तर देतो.

कटचे, म्हणजे पैलूंच्या घडणीचे, आकडे नेहमीच्या गोल ब्रिलियंट हिऱ्यासाठी आहेत. ओव्हल (लंबगोल), पेअर (थेंबाच्या आकाराचा), मार्कीझ (दोन्ही टोकं निमुळता) यांच्याबद्दल त्या त्या जागी वेगळं लिहिलं आहे.

## सुरुवातीची तयारी

फोनवर हिरा ठरवू नका. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घ्या. स्क्रीनचा नाइट मोड बंद करा, आयफोन-मॅकवर ट्रू टोन असेल तर तोही बंद. या दोन्ही सोयी स्क्रीनचा पांढरा रंग पिवळट करतात, आणि मग एच रंगाचा हिरा के वाटू लागतो (रंगाच्या श्रेणीत डी म्हणजे रंगहीन, पुढची अक्षरं अधिकाधिक पिवळट). ब्राइटनेस मधोमध ठेवा. पूर्ण वाढवलेल्या ब्राइटनेसवर सगळेच हिरे तेजस्वी दिसतात.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच:

- मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी
- १० पट मोठं दाखवणारा लूप (पार्सल आल्यावर लागेल, पण आत्ताच मागवा)
- घडी घातलेला कोरा पांढरा कागद
- हिऱ्याच्या रिपोर्टची पीडीएफ, दुसऱ्या खिडकीत उघडून

रिपोर्ट विक्रेत्याने पाठवलेल्या फाइलवरून वाचू नका. नंबर घ्या आणि जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून तिथला रिपोर्ट उघडा. पीडीएफमधला आकडा बदलणं अवघड नसतं.

तपासा: वजन, मिमीमधली मापं, रंग, क्लॅरिटी (डागांवरून ठरणारी श्रेणी), फ्लुरोसन्स (अतिनील किरणांतली चमक) आणि शेरे, या सहा गोष्टी कागदावर उतरवल्या का? उतरवल्या नसतील तर फोटो उघडू नका. एकदा लखलखाट पाहिला की आकडे नीट वाचले जात नाहीत.

## टप्पा १: फोटो त्याच हिऱ्याचा आहे का

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि सगळ्यांत महाग चूक इथेच होते. ऑनलाइन यादीतल्या प्रतिमा तीन प्रकारच्या असतात: त्याच हिऱ्याचा फोटो, त्या आकाराच्या कुठल्याही हिऱ्याचा नमुना-फोटो, आणि संगणकावर काढलेलं चित्र. तयार दागिन्यांच्या पानावर तिसरा प्रकार सर्रास असतो. कुड्या, नथ, मंगळसूत्राची वाटी अशा बारीक हिऱ्यांच्या दागिन्यांत दिसणारा एकसारखा शुभ्र लखलखाट बहुधा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून आलेला असतो. त्यावरून हिऱ्यांबद्दल काहीच कळत नाही, त्यामुळे तशा पानावर पुढचे टप्पे लावत बसू नका. थेट टप्पा ८ वर जा आणि प्रत्यक्ष तुकड्याचा व्हिडिओ मागा.

सुट्या हिऱ्याच्या बाबतीत जुळणी अशी करा:

१. रिपोर्टवर डागांचा नकाशा असेल तर त्यातला सगळ्यांत मोठा डाग शोधा आणि तो फोटोत कुठे आहे ते बघा. फोटोतला हिरा नकाशापेक्षा फिरलेला असतो, त्यामुळे मनातल्या मनात नकाशा गोल फिरवावा लागतो. दोन डागांमधलं अंतर आणि कोन जुळले की झालं.

२. नकाशात दोन आकृत्या असतात, वरून आणि खालून. खालची आकृती आरशातल्यासारखी उलटी असते. फोटो बहुतेक वेळा वरूनच काढलेला असतो, तेव्हा वरची आकृती धरा.

३. जीआयएच्या डॉसिए प्रकारच्या छोट्या रिपोर्टवर नकाशा नसतो. तिथे गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कमरेवर, लेझरने कोरलेला नंबर दाखवणारा फोटो मागा.

४. ओव्हल, पेअर, मार्कीझमध्ये लांबीला रुंदीने भागून येणारा आकडा रिपोर्टवरून काढा, मग फोटोवर पट्टी ठेवून तोच आकडा काढा. रिपोर्ट १.४० म्हणतो आणि फोटोत १.५५ येतंय, तर एक तर हिरा वेगळा आहे किंवा फोटो ताणलेला.

इशारा: ‘प्रतिमा केवळ माहितीसाठी’ अशी ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. ती शोधा. सापडली तर त्या पानावरच्या फोटोला शून्य किंमत द्या.

आणखी एक. हिरा नैसर्गिक आहे की लॅबमध्ये वाढवलेला, हे फोटोवरून कुणालाही सांगता येत नाही, लूपखालीही नाही. त्यासाठी लॅबची उपकरणं लागतात. ‘फोटोवरून कळतं हो’ म्हणणाऱ्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

## टप्पा २: फोटो किती पट मोठा आहे ते काढा

१ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी व्यासाचा असतो. अर्ध्या कॅरेटचा ५.१ च्या आसपास, ०.३० चा ४.३ च्या आसपास. आता स्क्रीनवरच्या हिऱ्यावर पट्टी ठेवा. १ कॅरेटचा हिरा १३ सेंमी भरला तर तुम्ही तो २० पट मोठा पाहताय. ०.३० चा तेवढाच दिसत असेल तर ३० पट. लॅब क्लॅरिटीची श्रेणी देते ती १० पट विस्तारावर. म्हणजे लॅबच्या परीक्षकापेक्षा दोन-तीन पट मोठं चित्र बघून तुम्ही घाबरत असता.

फोटो नाकारण्यासाठीच वापरायचा खरा, पण योग्य आकारात बघून. मोठा केलेला फोटो पाहून लोक चांगले व्हीएस२ हिरे सोडतात आणि जास्त पैसे मोजून व्हीव्हीएस, म्हणजे क्लॅरिटीची त्यावरची श्रेणी, घेतात. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

ब्राउझरचा झूम कमी करत जा:

- हिऱ्याचं चित्र ६.५ सेंमी होईपर्यंत लहान करा. १ कॅरेटसाठी हा १० पट विस्तार, लॅब बघते तसा.
- मग ते ६.५ मिमी होईपर्यंत लहान करा आणि हातभर अंतरावरून बघा. बोटात घातल्यावर लोकांना एवढाच दिसणार आहे.

२० पट चित्रात २ मिमीचा वाटणारा ठिपका प्रत्यक्षात ०.१ मिमी असतो.

तपासा: हाच हिशेब उलटाही करा. रिपोर्टवरचा व्यास वजनाच्या मानाने कमी आहे का? १ कॅरेटचा गोल हिरा ६.१ किंवा ६.२ मिमीच भरत असेल तर वजन खोलीत दडलंय. वरून तो लहान दिसेल आणि पैसे पूर्ण कॅरेटचे जातील. फोटोत हे कधीच कळत नाही, कारण यादीत सगळे हिरे एकाच आकाराच्या चौकटीत बसवलेले असतात. मॉडेलच्या हातावरचा फोटोही यासाठी कामाचा नाही. बोट किती जाड आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

## टप्पा ३: फोटो कुठल्या प्रकाशात काढला ते ओळखा

या टप्प्यावर घाई करू नका. पुढचे चारही टप्पे यावर अवलंबून आहेत.

लक्ष्मी रोडवर साडी घेताना अनुभवी बाई ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात धरते, कारण आतल्या दिव्यांवर तिचा भरवसा नसतो. ऑनलाइन हिरा दारात नेता येत नाही. निदान आत कुठला दिवा आहे, एवढं तरी ओळखता आलं पाहिजे.

पसरलेला पांढरा प्रकाश. हिरा पांढऱ्या पेटीत किंवा घुमटाखाली ठेवलेला, चारही बाजूंनी सारखा उजेड. ३६० अंशांत फिरणारे बहुतेक व्हिडिओ अशा यंत्रात काढतात. यात पैलूंची रचना आणि काळे डाग चांगले दिसतात. रंगीत ठिणग्या जवळजवळ दिसत नाहीत, पांढुरके डाग उजेडात बुडतात, आणि फिकट पिवळेपणा धुऊन जातो.

टोकदार दिवे. लहान एलईडी, शोरूममधले स्पॉट. इंद्रधनुषी ठिणग्या उडतात, हिरा नाचतो. सुमार कटचा हिराही अशा उजेडात बरा दिसतो. इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ बहुधा याच प्रकारचे. ठिणग्या गोल फुग्यांसारख्या फुललेल्या दिसल्या तर समजा की कॅमेरा फोकसमध्ये नाही. फोकस सुटला की रंगीत झोत पसरतो आणि मोठा वाटतो. डोळ्यांना एवढ्या मोठ्या ठिणग्या दिसत नाहीत.

काळी पार्श्वभूमी, बाजूने उजेड. यात पांढरे डाग, तडे आणि धूसरपणा उठून दिसतो. विक्रेते असा फोटो क्वचितच लावतात. कुणी लावला असेल तर तो माणूस लपवाछपवी करत नाहीये.

आता मधल्या काळोखाचं बघू. गोल हिऱ्याच्या जवळून काढलेल्या फोटोत मध्यभागी काळे बाण किंवा जवळजवळ काळं टेबल दिसतं, आणि लोक हिरा खराब म्हणून सोडतात. बहुतेक वेळा ती लेन्सची सावली असते. लेन्स हिऱ्याच्या अगदी समोर आणि जवळ असल्यामुळे वरून येणारा उजेड ती अडवते, आणि हिरा तिचाच काळेपणा परत दाखवतो. तुम्ही २५-३० सेंमीवरून बघता तेव्हा डोक्याची सावली पडते, पण कमी. शिवाय तुम्ही दोन डोळ्यांनी बघता. एका डोळ्याला काळा दिसणारा पैलू दुसऱ्याला उजळ दिसतो आणि मेंदू दोन्ही मिसळतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही.

खरा दोष आणि सावली वेगळी कशी करायची? व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे न्या. हिरा थोडा कलल्यावर काळा भाग उजळला आणि दुसरा पैलू काळा झाला, तर ती सावली होती, सोडून द्या. कलल्यावरही तोच भाग मेलेला राहिला, किंवा त्यातून खालचा ट्रे, चिमटा, बोट आरपार दिसलं, तर प्रकाश तिथून खाली गळतोय. तसा हिरा नाकारा.

इशारा: हिरा सगळीकडून पांढराफटक दिसत असेल, एकही गडद पैलू नसेल, तर खूश होऊ नका. फोटो जास्त उजळलेला आहे. चमक जाणवायला उजेडाशेजारी काळोख लागतो.

## टप्पा ४: कट आधी आकड्यांत, मग व्हिडिओत

कट सुमार असेल तर डी रंग आणि व्हीव्हीएस क्लॅरिटी घेऊनही हिरा निस्तेज राहतो. म्हणून रंग-क्लॅरिटीच्या आधी हे.

जीआयए एकूण कटची श्रेणी गोल ब्रिलियंटलाच देते. तिथे एक्सलंट, म्हणजे सगळ्यांत वरची श्रेणी, मिळण्यासाठीच्या मर्यादा साधारण अशा आहेत: टेबल ५२ ते ६२ टक्के, एकूण खोली ५७.५ ते ६३ टक्के, क्राउनचा (गर्डलच्या वरच्या भागाचा) कोन ३१.५ ते ३६.५ अंश, पॅव्हेलियनचा (गर्डलच्या खालच्या भागाचा) कोन ४०.६ ते ४१.८ अंश. ही पट्टी बरीच रुंद आहे. मी स्वतः टेबल ५४ ते ५८, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१ यांच्या आत राहतो. याबाहेर सुंदर हिरे नसतात असं नाही, पण ते ओळखायला हिरा हातात लागतो.

दोन कोन एकमेकांना सांभाळून घेतात, हे विसरू नका. क्राउन चढा असेल तर पॅव्हेलियन थोडं उथळ हवं. क्राउन ३६ आणि पॅव्हेलियन ४१.६ हे कोन वेगवेगळे पाहिले तर वरच्या मर्यादांत बसतात, पण दोन्ही एकत्र आले की टेबलाच्या कडेखाली एक निस्तेज कडं दिसतं. पसरलेल्या प्रकाशातल्या फोटोत ते राखाडी वर्तुळ म्हणून सापडतं.

आकडे पटले की व्हिडिओ उघडा आणि शोधा:

- टेबलाच्या आत पांढुरकी गोल कडा: पॅव्हेलियन फार उथळ, गर्डलचं प्रतिबिंब आत दिसतंय
- मध्यभागी कलल्यावरही न हलणारा काळा गोळा: पॅव्हेलियन फार खोल
- ओव्हल, पेअर, मार्कीझमध्ये आडवा काळा बो-टाय: थोडा सगळ्यांतच असतो. हिरा कलल्यावर तो तुटला-हलला तर चालेल, जाडजूड आणि अढळ राहिला तर सोडा

बो-टायच्या बाबतीत फोटो उपयोगी पडतो, कारण रिपोर्टवर त्याचा उल्लेखच नसतो.

विक्रेत्याकडे एसेट प्रतिमा (हिरा कुठल्या कोनातला उजेड परत फेकतो ते रंगांत दाखवणारा फोटो) असेल तर मागून घ्या. त्यात लाल भाग म्हणजे ४५ ते ७५ अंशांतून येणारा उजेड, चांगल्या गोल हिऱ्यात हाच सगळ्यांत जास्त हवा. हिरवा म्हणजे खालच्या कोनातला उजेड, निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली. पार्श्वभूमीचाच पांढरा किंवा काळा रंग दिसतो तिथे उजेड गळतो. साध्या फोटोपेक्षा या प्रतिमेवर माझा कितीतरी जास्त भरवसा आहे, कारण तिथला उजेड ठरलेला असतो. दिव्यांची हातचलाखी चालत नाही.

## टप्पा ५: डाग शोधा, पण कुठे आणि कसले ते बघा

चित्र १० पट आकारात ठेवा. काळा डाग टेबलाखाली असेल तर वजन द्या, गर्डलजवळ असेल तर कमी; दागिन्यात तो प्राँगखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली, जाऊ शकतो.

एकच डाग पाच ठिकाणी दिसू शकतो. पॅव्हेलियनजवळचा एखादा कण आतल्या पैलूंत परावर्तित होऊन गोलाकार माळेसारखा दिसतो. रिपोर्टच्या नकाशात एकच खूण आणि फोटोत सहा ठिपके, असं झालं तर हेच कारण. लॅबने लपवलेलं नसतं, पण डोळ्यांनाही ते सहा ठिपके दिसणारच आहेत, तेव्हा एसआय, म्हणजे व्हीएसच्या खालच्या, श्रेणीत असा हिरा टाळा.

कॅमेऱ्याचा फोकस एका पातळीवर असतो. टेबलावर फोकस असेल तर खोलातला डाग विरघळतो, खोलात असेल तर टेबलावरचा. म्हणून एक स्थिर फोटो पुरत नाही. व्हिडिओत हिरा कलतो तेव्हा वेगवेगळ्या पातळ्या फोकसमध्ये येतात. तडा बहुतेक वेळा एकाच कोनातून चमकतो आणि पुढच्या फ्रेममध्ये गायब होतो, म्हणून फ्रेम एकेक करून पुढे न्या.

तपासा: गर्डलपर्यंत पोचणारा तडा दिसला का? कोंदणात बसवताना दाब तिथेच येतो. असा हिरा कितीही स्वस्त असला तरी सोडा.

## टप्पा ६: रंगाबद्दल फोटोला विचारू नका

लॅबमध्ये रंग ठरवताना हिरा उलटा ठेवतात, ठरावीक उजेडात, आणि रंग माहीत असलेल्या नमुना-हिऱ्यांशी ताडून पाहतात. सरळ ठेवलेल्या हिऱ्यात पैलूंची चमक रंग झाकते. कॅमेरा तर स्वतःच पांढरा रंग ठरवतो आणि पिवळेपणा काढून टाकायला बघतो. तेव्हा जी आणि आय यांतला फरक फोटोवरून सांगू पाहणं व्यर्थ आहे. रंग रिपोर्टवरून घ्या.

तरी फोटो रंगाबाबत किती विश्वासाचा आहे, हे तपासण्याच्या दोन युक्त्या आहेत.

पहिली: त्याच विक्रेत्याच्या यादीतून त्याच आकाराचा, जवळपास त्याच वजनाचा एक डी आणि एक जे हिरा शेजारी शेजारी उघडा. दोन्ही सारखेच शुभ्र दिसत असतील तर त्या दुकानाच्या फोटोंत रंगाची माहितीच नाही. दोन वेगळ्या दुकानांचे फोटो ताडून पाहू नका. तिथे हिऱ्यांची नाही, दिव्यांची तुलना होते.

दुसरी: स्क्रीनशॉट घ्या आणि कुठल्याही फोटो-सॉफ्टवेअरमधल्या रंग वाचणाऱ्या ड्रॉपरने हिऱ्यामागच्या पांढऱ्या जागेचे आकडे वाचा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. निळा सातत्याने दहा-पंधराने जास्त असेल तर फोटो निळसर केलाय, आणि पिवळेपणा त्यात बुडतो. तिन्ही आकडे सगळीकडे नेमके २५५ आले तर पार्श्वभूमी कापून नवी पांढरी लावली असण्याची शक्यता आहे. मग ही तपासणी बाद.

बोटांच्या बेचक्यात धरलेल्या हिऱ्याच्या फोटोत त्वचेचा रंग आत उतरतो. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या हिऱ्यात सोन्याचा. दोन्हींवरून रंग ठरवू नका. उलट तुम्हाला पिवळ्या सोन्यातच दागिना करायचा असेल तर डी-ई रंगासाठी जास्त पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते.

## टप्पा ७: फोटोत जे जवळजवळ कधीच दिसत नाही

दुधाळपणा हा ऑनलाइन खरेदीतला सगळ्यांत मोठा धोका आहे. अतिसूक्ष्म कणांच्या ढगामुळे हिऱ्याची पारदर्शकता मंदावते. रंग आणि क्लॅरिटीची श्रेणी बऱ्यापैकी राहूनही हिरा झोपलेला दिसतो. फोटोचा कॉन्ट्रास्ट जरा वाढवला की हा दोष पुसला जातो.

रिपोर्टच्या शेऱ्यांत ‘क्लाउड्स नॉट शोन’ असं लिहिलं असेल तर थांबा. व्हीएस श्रेणीत हा शेरा बहुधा निरुपद्रवी असतो. एसआय२ मध्ये मात्र श्रेणी त्या ढगांमुळेच लागली असेल, तर हिरा धूसर असण्याची शक्यता खरी आहे. मुंबई-सुरतच्या बाजारात यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे: ‘नो बीजीएम’, म्हणजे ब्राउन, ग्रीन किंवा मिल्की छटा नाही. विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्सपासून सुरतच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना तो शब्द कळतो, त्यामुळे ‘म्हणजे काय हो’ असं विचारणारा विक्रेता स्वतः हिरा पाहून विकत नाहीये, हेही कळतं.

फ्लुरोसन्सचंही तसंच. अतिनील किरणांत काही हिरे चमकतात, बहुतेक वेळा निळ्या रंगात. फोनच्या आणि स्टुडिओच्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून फोटोत काही कळत नाही. फेंट किंवा मीडियम असेल तर काळजी करू नका. स्ट्राँग किंवा व्हेरी स्ट्राँग असेल तर सगळे हिरे धूसर दिसतात असं नाही, पण काही दिसतात, म्हणून दिवसाउजेडातला व्हिडिओ आल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यांत सीव्हीडी पद्धतीच्या काहींना तपकिरी झाक असते, एचपीएचटी या दुसऱ्या पद्धतीच्या काहींना निळसर. ही झाकही फोटोत धुऊन जाते. लेखी विचारा.

## टप्पा ८: व्हिडिओ मागा, आणि नेमका मागा

‘अजून फोटो पाठवा’ असं लिहिलं की आणखी चार लखलखते फोटो येतात. त्याऐवजी हा मजकूर तसाच पाठवा:

‘रिपोर्ट नंबर अमुक असलेल्या हिऱ्याचे तीन छोटे व्हिडिओ हवेत. पहिला, दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, साधारण ३० सेंमीवरून, हिरा सावकाश कलवत. दुसरा, ऑफिसच्या नेहमीच्या दिव्याखाली, टेबल-लॅम्पशिवाय. तिसरा, पांढऱ्या कागदावर हिरा उलटा ठेवून बाजूने. फिल्टर नको, संगीत नको. तिन्हींत कुठेतरी पट्टी शेजारी दिसू द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’

डॉक्युमेंट म्हणून का, तर व्हॉट्सअॅप साधा व्हिडिओ दाबून लहान करतं आणि बारीक तपशील चिखल होतो. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायलाही सांगा. लॉक नसेल तर हिरा चमकला की फोन चित्र काळं करतो, हिरा मंदावला की उजळ करतो, आणि नक्की काय घडलं ते कळत नाही.

शक्य असेल तर तुम्ही ज्यावर ठरवताय ते दोन हिरे एकाच चौकटीत शेजारी शेजारी मागा. एकच दिवा, एकच लेन्स, एकच क्षण. फोटोवरून होणारी प्रामाणिक तुलना एवढीच.

इशारा: थेट उन्हातला व्हिडिओ चालवून घेऊ नका. उन्हात चांगला हिराही काळपट दिसतो आणि मधूनच मोठे झोत मारतो. त्यावरून चांगला-वाईट दोन्ही ठरत नाही.

## टप्पा ९: पार्सल उघडताना

पैसे देण्याआधीच परतीच्या अटी वाचलेल्या हव्यात. मुदत पार्सल निघाल्यापासून मोजतात की हातात पडल्यापासून? रिपोर्टची मूळ प्रत, सील, टॅग परत द्यावे लागतात का? अंगठीचं माप बदललं की परती बंद होते का? बहुतेक ठिकाणी होते.

पाकीट बंद असल्यापासून सलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवू नका. मग या क्रमाने:

१. हिरा बोटांनी हाताळला असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि कोरडं कापड. सिंकवर धुऊ नका, वाटीत धुवा. बोटांचं तेल लागलेला हिरा निस्तेज दिसतो, आणि लोक त्यालाच दोष समजून परत पाठवतात.

२. लूपखाली गर्डलवरचा नंबर वाचा. सापडायला वेळ लागतो, अक्षरं फार बारीक असतात. हिऱ्यावर नंबर कोरलेला नसेल तर टप्पा १ मधली डागांची जुळणी आता प्रत्यक्षात करा.

३. खिडकीपाशी सावलीत, घरातल्या ट्यूबलाइटखाली, एका टोकदार दिव्याखाली आणि संध्याकाळच्या मंद उजेडात बघा, दर वेळी २५-३० सेंमीवरून. मंद उजेडातली परीक्षा सगळ्यांत कडक. चांगला कट तिथेही जिवंत राहतो.

४. घडी घातलेल्या पांढऱ्या कागदात हिरा उलटा ठेवून बाजूने रंग बघा.

५. विक्रेत्याने पाठवलेला खिडकीपाशीचा व्हिडिओ उघडून तशाच उजेडात शेजारी धरून ताडा.

नाही जमलं तर मुदतीच्या आत लेखी कळवा, फोनवर बोलून थांबू नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल जाहिरातीत दाखवलेल्या किंवा कबूल केलेल्या गुणांप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘मला फोटोत जास्त चमकदार वाटला’ ही तक्रार मात्र टिकणं कठीण. ‘नो बीजीएम असं लेखी दिलं होतं, हिरा मिल्की आहे’ ही टिकण्यासारखी. टप्पा ७ मधलं ते एक वाक्य इथे कामी येतं. विक्रेता बधला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सोन्यावरच्या हॉलमार्कवरून हिऱ्याची खात्री होत नाही, तो फक्त धातूच्या शुद्धतेचा. दागिना घेताना हिऱ्याचा रिपोर्ट वेगळा मागायचा.

हिरा सुटा घेतला असेल तर सोनाराकडे देण्याआधी लूपखाली गर्डलवरचा नंबर त्याच्यासमोर वाचा, वजन पावतीवर लिहून घ्या, आणि नंबर प्राँगखाली जाणार नाही असं बसवायला सांगा. दागिना ताब्यात घेताना काउंटरवरच तो नंबर पुन्हा वाचा.